महारेराचे संकेतस्थळ: घर ठरवण्याआधी उघडावे की ठरवल्यानंतर?

बांधकाम सुरू असलेल्या प्रकल्पात घर घेऊ पाहणाऱ्या महाराष्ट्रातील ग्राहकाला एक सेवा पूर्णपणे मोफत मिळते, आणि बहुतेक ग्राहक ती निर्णय होऊन गेल्यावर वापरतात. महाराष्ट्र स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाचे, अर्थात सर्वांच्या बोलण्यातल्या महारेराचे, संकेतस्थळ ही ती सेवा. पुण्याच्या पश्चिम आणि पूर्व उपनगरांत दोन बेडरूमचे घर शोधत असताना मी हे संकेतस्थळ नियमितपणे वापरले. येथे त्याचे परीक्षण करताना एकच प्रश्न समोर ठेवला आहे: घर घ्यावे की न घ्यावे, हे ठरवायला त्याची कितपत मदत होते?

आधी घर कसे ठरते ते पाहायला हवे, कारण साधन चांगले की वाईट हे ते कोणत्या टप्प्यावर हाती येते यावरही अवलंबून असते. आपल्याकडे मध्यमवर्गीय कुटुंबाचा शोध हप्त्यापासून सुरू होतो. दरमहा किती झेपेल याचा अंदाज बांधून त्यावरून कर्जाची रक्कम काढली जाते आणि कर्जावरून घराची किंमत. त्यानंतर भाग ठरतो, आणि तो ठरवताना नोकरीचे ठिकाण, मुलांची शाळा व माहेर किंवा सासर किती लांब पडते, या तीन गोष्टींपुढे बाकीच्यांचे फारसे चालत नाही. पुढची निवड ओळखीतून होते. ‘आमच्या ऑफिसातल्या दोघांनी तिथेच घेतलाय’ हे वाक्य कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा जास्त वजनदार ठरते. ‘बँकेने प्रकल्प मंजूर केलाय’ हे दुसरे वजनदार वाक्य. प्रत्यक्षात बँक आपले कर्ज सुरक्षित आहे की नाही एवढेच तपासत असते. घराचा ताबा वेळेवर मिळेल की नाही, ही तिची चिंता नसते, कारण ताबा लांबला तरी हप्ता सुरूच राहतो.

मग येते ती साइट व्हिजिट, आणि खरा निर्णय बहुधा तिथेच होतो. मी पाहिलेल्या एका प्रकल्पाचा सॅम्पल फ्लॅट सविस्तर सांगण्यासारखा आहे. मुख्य दरवाजा सोडला, तर आत एकाही खोलीला दार नव्हते, त्यामुळे दार उघडायला लागणारी जागा कुठेच जाणवत नव्हती. दिवाणखान्याची एक भिंत पूर्ण आरशाची होती. लहान बेडरूममधला पलंग सुबक दिसत होता. पण टेप लावून मोजला, तेव्हा त्याची लांबी साडेपाच फूट भरली, म्हणजे त्यावर मोठ्या माणसाला पाय लांब करून झोपता आले नसते. स्वयंपाकघरात फ्रीज ठेवायला जागा आखलेली होती, परंतु फ्रीज नव्हता. कपाटांची खोली इतकी कमी होती की त्यांत हँगर आडवा मावला नसता. यात काहीही बेकायदा आहे असे मला म्हणायचे नाही. मात्र त्या वातानुकूलित खोल्यांत फिरताना आमच्या सोबतच्या ज्येष्ठ मंडळींनी मनातल्या मनात देवघराची जागासुद्धा ठरवून टाकली होती. एकदा देवघर ठरले की पुढची तपासणी मान डोलावण्यापुरती उरते, हे विक्री कार्यालयातल्या मुलामुलींना आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असते.

त्यात मुहूर्ताची भर पडते. गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया आणि दसरा हे बुकिंगचे दिवस. पितृपंधरवड्यात विक्री कार्यालये ओस पडतात. सरकारी सवलतही मुहूर्तासारखीच काम करते. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात राज्य सरकारने मुद्रांक शुल्कात ३ टक्क्यांची आणि त्यानंतर मार्च २०२१ पर्यंत २ टक्क्यांची सूट दिली, तेव्हा मुदत संपण्याआधीच्या दिवसांत दस्तनोंदणीसाठी झुंबड उडाली होती. शुल्कात वाचलेले ३ टक्के डोळ्यांना दिसतात. घाईत न वाचलेल्या करारनाम्याची किंमत मात्र ताबा मिळायच्या वेळी कळते.

या सगळ्या प्रवासात महारेराचा प्रवेश होतो तो ‘रेरा नंबर आहे ना?’ या एका प्रश्नाने. उत्तर ‘हो’ असे आले की बाब संपते. माझ्या मते या सेवेचा सर्वांत मोठा अपव्यय इथे होतो, कारण नोंदणी क्रमांक हा माहितीच्या दाराचा क्रमांक आहे आणि बहुतेक ग्राहक दारावरची पाटी वाचूनच परत फिरतात.

क्रमांक असण्याचा अर्थ नेमका काय, हे थोडक्यात सांगतो. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, म्हणजेच रेरा कायदा, २०१६ चा असून १ मे २०१७ पासून तो पूर्णपणे लागू झाला. महारेराची स्थापना त्याच वर्षी मार्चमध्ये झाली. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जमिनीवरचा आणि ८ पेक्षा अधिक सदनिकांचा प्रकल्प नोंदवल्याशिवाय विकसकाला जाहिरात करता येत नाही, बुकिंग घेता येत नाही आणि पैसेही स्वीकारता येत नाहीत. त्यामुळे ‘प्री-लाँच’च्या नावाखाली खरेदीची इच्छा कळवणाऱ्या पत्रासोबत धनादेश मागितला जात असेल आणि क्रमांक ‘येतोच आहे’ असे सांगितले जात असेल, तर तिथून उठावे. १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोडही छापावा लागतो. तो मोबाइलने टिपला की थेट प्रकल्पाचे पान उघडते. ही सोय खरोखर उत्तम आहे. फलकावरचा कोड कधी कधी इतका लहान व इतका उंचावर असतो की तो टिपायला रस्त्याच्या मधोमध उभे राहावे लागेल, ही गोष्ट वेगळी.

प्रकल्पाचे पान उघडल्यावर सुरुवातीला दडपण येते. विकसकाचा तपशील, त्याचे आधीचे प्रकल्प, जमिनीचा तपशील, इमारतीनिहाय सदनिकांची संख्या, पार्किंग, मंजूर नकाशे, बांधकाम सुरू करण्याचा दाखला, जमिनीच्या मालकीहक्काबाबतचा वकिलाचा अहवाल, बोजे (जमिनीवरची कर्जे व तारणे), न्यायालयीन प्रकरणे, करारनाम्याचा मसुदा, असे सारे काही तिथे आहे, आणि सगळे एकाच पट्टीतले आहे. काय आधी वाचावे आणि काय नंतर, हे कुणी सांगत नाही. म्हणून मी वाचनाचा माझा क्रम ठरवून टाकला: पहिल्यांदा क्षेत्रफळ, मग तारीख, मग मजले, आणि त्यानंतर उरलेले सगळे.

क्षेत्रफळाचे उदाहरण आकड्यांतच देतो. एका ठिकाणी विक्री प्रतिनिधीने ‘साडेसातशे कार्पेट’, म्हणजे साडेसातशे चौरस फूट चटई क्षेत्र, असे ठामपणे सांगितले. त्याच प्रकारच्या सदनिकेपुढे संकेतस्थळावर ६२.४० चौरस मीटर ही नोंद होती. एक चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट, तेव्हा गुणाकार केल्यावर सुमारे ६७२ चौरस फूट भरतात. उरलेले ७८ चौरस फूट गेले कुठे? ती होती बाल्कनी आणि ड्राय बाल्कनी (धुण्याभांड्यांची छोटी बाल्कनी) मिळून ७.३० चौरस मीटर. कायद्यातल्या व्याख्येनुसार चटई क्षेत्रात आतल्या भिंती धरल्या जातात. बाहेरच्या भिंती, डक्ट (पाइपांसाठीची उभी पोकळी) आणि त्या सदनिकेपुरती असलेली बाल्कनी किंवा उघडी गच्ची धरली जात नाही. प्रतिनिधी खोटे बोलला असेही म्हणवत नाही, कारण बाल्कनी होतीच. पण दोन प्रकल्पांच्या दरांची तुलना करताना एकाचा भागाकार ६७२ ने आणि दुसऱ्याचा ७५० ने केला, तर स्वस्त कोण आणि महाग कोण हे उलटेपालटे होते. ७५ लाखांच्या घराचा दर पहिल्या हिशेबाने सुमारे ११,१६० रुपये आणि दुसऱ्या हिशेबाने १०,००० रुपये चौरस फूट पडतो. केवळ ही एक तुलना घरबसल्या करता येते, यासाठीही मी या संकेतस्थळाला चांगले गुण देईन.

दुसरी गोष्ट तारखेची. पुण्यामुंबईच्या फलकांवर हल्ली दोन तारखा असतात: मोठ्या अक्षरांतली ‘टार्गेट पझेशन’ आणि बारीक अक्षरांतली ‘रेरा पझेशन’. दोघींत वर्ष-दोन वर्षांचे अंतर सहज असते. ‘सर, रेराची तारीख सेफ्टीसाठी असते, आम्ही आधीच देतो’, हे उत्तर सगळीकडे जवळपास याच शब्दांत ऐकू येते. विकसकाने आधी ताबा दिला तर आनंदच आहे. पण ताबा लांबल्यास व्याजासह पैसे परत मागण्याचा किंवा प्रकल्पात राहून दरमहा व्याज घेण्याचा जो हक्क कलम १८ देते, तो करारनाम्यातल्या तारखेपासून मोजला जातो आणि करारनाम्यात बारीक अक्षरांतलीच तारीख येते. महाराष्ट्राच्या नियमांनुसार हे व्याज स्टेट बँकेच्या सर्वाधिक एमसीएलआरपेक्षा (निधीच्या खर्चावर आधारित कर्जदरापेक्षा) २ टक्के जास्त असते. म्हणून घराचा हिशेब करताना लांबची तारीखच धरावी. महिना २५,००० रुपये भाडे देणाऱ्या कुटुंबाला दोन तारखांमधली दोन वर्षे म्हणजे ६ लाख रुपये, आणि तेही हप्ते सुरू झालेले असताना. संकेतस्थळावर मूळ तारीख आणि मुदतवाढ मिळाली असल्यास सुधारित तारीख अशा दोन्ही दिसतात. त्याच विकसकाच्या जुन्या प्रकल्पांची पाने उघडून त्याने पूर्वी किती वेळा मुदतवाढ घेतली ते पाहिले, तर भविष्याचा अंदाज विक्री कार्यालयापेक्षा अधिक भरवशाचा येतो. मी तर असे म्हणेन की चालू प्रकल्पाच्या पानाइतकाच वेळ जुन्या प्रकल्पांच्या पानांवर घालवावा.

मजल्यांबाबत नवखा माणूस हमखास अडखळतो. आम्हाला एका ठिकाणी एकोणिसाव्या मजल्यावरचे घर ‘टेकडीचा व्ह्यू’ आणि मजल्यागणिक वाढणारा दर या दोन्हींसह दाखवले गेले. बांधकामाचा दाखला उघडून पाहिला, तर त्या इमारतीला परवानगी चौदा मजल्यांची होती. वरचे मजले ‘प्रस्तावित’ होते; वाढीव चटई निर्देशांक (जमिनीच्या प्रमाणात किती बांधकाम करता येते ते प्रमाण) मिळाल्यावर सुधारित मंजुरी घेतली जाणार होती. ही पद्धत सर्रास चालते आणि बरेचदा मंजुरी येतेही. मात्र न आलेल्या मंजुरीच्या मजल्यासाठी आज पैसे द्यायचे का, हा निर्णय जाणूनबुजून घेण्याचा आहे. संकेतस्थळावर मंजूर मजले व प्रस्तावित मजले वेगवेगळे दिले जातात, ही माहिती तिथे मिळाली नसती तर ती आम्हाला आणखी कुणी आपणहून सांगितली असती, असे वाटत नाही.

‘शेवटचे तीनच फ्लॅट राहिलेत, उद्यापासून दर वाढणार’ या वाक्यावरही इथे उतारा मिळतो. किती सदनिकांचे बुकिंग झाले, हा आकडा विकसकाला द्यावा लागतो. तो रोजच्या रोज बदलत नाही, दर तिमाहीला बदलतो. तरीही तीनच उरल्याचा दावा आणि पानावरचे अर्धे रिकामे इमारत-कोष्टक यांच्यातली तफावत तीन महिन्यांच्या विलंबाने भरून निघत नाही.

तिमाही अहवाल हा माझ्या दृष्टीने या सेवेचा सर्वांत मौल्यवान आणि सर्वांत कमी वाचला जाणारा भाग आहे. ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम वेगळ्या खात्यात ठेवून ती त्याच प्रकल्पाच्या जमिनीवर व बांधकामावर खर्च करणे कायद्याने बंधनकारक आहे. त्या खात्यातून पैसे काढायचे तर वास्तुविशारद, अभियंता आणि सनदी लेखापाल यांची प्रमाणपत्रे लागतात. ती अनुक्रमे प्रपत्र १, २ व ३ म्हणून ओळखली जातात. प्रपत्र १ मध्ये पायापासून फिनिशिंगपर्यंत किती टक्के काम झाले ते असते. प्रपत्र ३ मध्ये अंदाजित खर्च किती, आतापर्यंत झालेला किती, विकलेल्या घरांचे येणे बाकी किती आणि न विकलेल्या घरांचे अंदाजे मूल्य किती, हे आकडे असतात. आकडेमोडीची सवय असलेला कुणीही मित्र किंवा नातेवाईक शेजारी बसवला, तर उरलेले काम उरलेल्या पैशांत होईल की नाही हे अर्ध्या तासात कळते. हे अहवाल न देणाऱ्यांवर महारेराने कारवाईही केली आहे: जानेवारी २०२३ मध्ये नोंदवलेल्या ७४६ प्रकल्पांपैकी ३६३ प्रकल्पांची नोंदणी त्याच वर्षी या कारणावरून स्थगित झाली. जवळपास निम्म्या विकसकांना पहिलाच अहवाल वेळेवर देता आला नाही, हे वाचल्यावर अहवालाचा रकाना रिकामा असणे हाच एक अहवाल समजावा.

आता उण्या बाजूकडे वळतो. पहिली गोष्ट अशी की इथली जवळपास सगळी माहिती विकसकाने स्वतः भरलेली असते. नोंदणी करताना प्राधिकरण कागदपत्रे तपासते, पण नोंदणी म्हणजे बांधकामाच्या दर्जाची किंवा जमिनीच्या निर्वेध हक्काची हमी नव्हे. न्यायालयीन प्रकरणांच्या रकान्यात विकसकाने जे लिहिले ते दिसते. जे लिहिले नाही ते दिसत नाही. वकिलाचा मालकीहक्क अहवाल विकसकाच्याच वकिलाचा असतो. त्यामुळे आपला स्वतंत्र वकील लावून शोध अहवाल घेण्याचा खर्च या संकेतस्थळामुळे वाचत नाही, आणि वाचवूही नये.

दुसरी उणीव किमतीची. घर घेणारा माणूस ज्या एका आकड्याभोवती फिरत असतो, तोच आकडा इथे मिळत नाही. त्यासाठी राज्याच्या नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावरची मोफत ई-सर्च सुविधा वापरावी लागते. गाव, वर्ष आणि सर्व्हे क्रमांक टाकून त्याच प्रकल्पातल्या नोंदलेल्या करारांची सूची क्रमांक २ पाहता येते. तिच्यात मोबदला, क्षेत्रफळ आणि दस्ताची तारीख असते. विक्री कार्यालयाने ‘शेवटचा दर’ म्हणून कागदावर लिहून दिलेला आकडा आणि त्याच महिन्यात त्याच इमारतीत प्रत्यक्ष झालेला करार शेजारी शेजारी ठेवले की घासाघीस कुठून सुरू करायची ते कळते. महारेरा आणि नोंदणी विभाग ही दोन्ही राज्याचीच अंगे आहेत. प्रकल्पाच्या पानावरून थेट त्या सूचीकडे जाणारा दुवा द्यायला काय हरकत असावी?

एकूण खर्चाचे चित्रही ग्राहकाला स्वतःच मांडावे लागते. पुण्यात ७५ लाखांचा करार पुरुषाच्या नावाने केला, तर मुद्रांक शुल्क ७ टक्क्यांनी ५ लाख २५ हजार, नोंदणी शुल्क कमाल मर्यादेचे ३० हजार आणि परवडणाऱ्या घरांच्या वर्गात न बसणाऱ्या, बांधकाम सुरू असलेल्या घरावरचा जीएसटी ५ टक्क्यांनी ३ लाख ७५ हजार, असे ९ लाख ३० हजार रुपये घराच्या किमतीबाहेरचे होतात. एवढ्या किमतीवर बँक जास्तीत जास्त ८० टक्के, म्हणजे ६० लाख देते आणि तिच्या हिशेबात हे कर धरले जात नाहीत. तेव्हा स्वतःच्या खिशातून जुळवायची रक्कम २४ लाख ३० हजार होते. ‘२० टक्के भरा’ असे ऐकून १५ लाखांची तयारी करून गेलेल्या कुटुंबाचे गणित इथे कोसळते आणि मग सोने मोडले जाते किंवा वैयक्तिक कर्ज काढले जाते. साडेआठ टक्के दराने वीस वर्षांसाठी घेतलेल्या ६० लाखांचा हप्ताच सुमारे ५२ हजार बसतो. करार केवळ स्त्रीच्या नावाने केल्यास मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट मिळते, म्हणजे इथे ७५ हजार वाचतात. पतिपत्नींच्या संयुक्त नावावर ती मिळत नाही, हेही विक्री कार्यालयात कुणी आवर्जून सांगत नाही.

पाण्याविषयी तर संकेतस्थळ जवळजवळ मुकेच आहे. २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आलेल्या २३ गावांपैकी वाघोलीसारख्या भागात घर घेताना टँकर हा मासिक देखभाल खर्चाचा मोठा भाग ठरू शकतो. कायद्याने विकसकाने पाणी, सांडपाणी व वीज या सोयींसह पूर्णत्वाचे टप्पे ग्राहकाला बुकिंगच्या वेळी सांगायचे असतात. नळजोड कधी, तोवर पाणी कोण पुरवणार आणि खर्च कोण करणार, हे लेखी मागावे आणि तेवढ्यावर न थांबता शेजारच्या वसलेल्या सोसायटीच्या वॉचमनला एप्रिल-मे महिन्यात रोज किती टँकर येतात ते विचारावे. या माहितीला कोणत्याही सरकारी पानाचा पर्याय नाही.

वापराच्या सोयीबाबत मत संमिश्र आहे. शोध घेणे सोपे आहे. प्रकल्पाचे नाव, विकसकाचे नाव किंवा क्रमांक यांपैकी काहीही चालते. क्रमांकाची जुनी घडणही उपयोगी आहे. पी५२१ ने सुरू होणारे क्रमांक पुणे जिल्ह्याचे, पी५१७ चे ठाण्याचे आणि पी५१८ चे मुंबई उपनगराचे, एवढे लक्षात ठेवले तरी भलत्याच प्रकल्पाचा क्रमांक छापला आहे का ते ओळखता येते. पण पुढे जी कागदपत्रे उघडतात ती स्कॅन केलेल्या पानांच्या लांबलचक फायली असतात. मोबाइलच्या पडद्यावर मंजूर नकाशा वाचणे अशक्यप्राय आहे. त्यासाठी संगणकच हवा. भाषेचा प्रश्न याहून गंभीर वाटतो. प्रकल्पाची माहिती आणि करारनाम्याचा मसुदा बहुतांश इंग्रजीत असतो. घरासाठी आयुष्यभराची पुंजी देणारे आईवडील अनेक घरांत मराठीच वाचतात, आणि चौदा मजल्यांच्या परवानगीची गोष्ट त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी वाचता आली, तर सॅम्पल फ्लॅटमधल्या देवघराचा मोह आवरायला सोपे जाईल. क्षेत्रफळ, मूळ व सुधारित तारीख, मंजूर मजले, झालेले काम आणि दाखल तक्रारी या पाच बाबींचा मराठीतला एकपानी गोषवारा प्रत्येक प्रकल्पाच्या सुरुवातीला असायला हवा, ही माझी महारेराकडे पहिली मागणी आहे.

तक्रार निवारण हा या सेवेचा दुसरा अर्धा भाग. त्याचा विचार निर्णयाच्या वेळी करावा, कारण अडचण आल्यास आपल्या हाती काय उरते हेही घराच्या किमतीतच धरायचे असते. तक्रार ऑनलाइन दाखल होते, शुल्क ५,००० रुपये आहे आणि वकील लावलाच पाहिजे असे नाही. २०१८ पासून सलोखा मंचही आहे. मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थेचे आणि विकसकांच्या संघटनांचे प्रतिनिधी तिथे दोन्ही पक्षांना समोरासमोर बसवतात, आणि दोघांचीही तडजोडीची तयारी असेल तर हा मार्ग लवकर संपतो. गाडे अडते ते आदेशानंतर. भरपाई किंवा परताव्याचा आदेश विकसकाने पाळला नाही, तर वसुलीचे वॉरंट जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते आणि जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसुली व्हायची असते. प्रत्यक्षात रक्कम हाती पडायला फार काळ जातो, आणि विकसक दिवाळखोरीत गेला असेल तर प्रश्न आणखी चिघळतो. म्हणजे निकाल मिळवून देणारी व्यवस्था उभी राहिली आहे, पण पैसे मिळवून देणारी अजून लंगडत चालते. ज्या विकसकाच्या प्रकल्पांपुढे तक्रारींची आणि वॉरंटांची रांग दिसते, त्याच्याकडे कायदा आपल्या बाजूने आहे या भरवशावर घर घेऊ नये.

ही सेवा कुणाच्या उपयोगाची नाही, तेही सांगायला हवे. जुन्या सोसायटीतले पुनर्विक्रीचे घर घेणाऱ्याला इथे काहीच सापडणार नाही. त्याने सोसायटीचे ना हरकत पत्र, भोगवटा पत्र (इमारत राहण्यायोग्य असल्याचा दाखला), अभिहस्तांतरण (जमिनीची मालकी सोसायटीच्या नावे होणे) झाले की नाही, आणि आधीच्या सर्व दस्तांची साखळी यांच्यामागे लागावे. मे २०१७ पूर्वीच पूर्णत्वाचा दाखला मिळालेले प्रकल्पही नोंदणीच्या कक्षेबाहेर आहेत.

बांधकाम सुरू असलेल्या प्रकल्पात घर पाहणाऱ्याला मात्र माझी शिफारस स्पष्ट आहे. साइट व्हिजिटची वेळ ठरवण्याआधी, म्हणजे अगदी प्रतिनिधीचा पहिला फोन आल्यानंतर, क्रमांक मागून घ्यावा आणि पान उघडावे. त्या फोनवरचा एजंटही महारेराकडे नोंदलेला असावा लागतो, आणि त्याचे नावही याच संकेतस्थळावर तपासता येते. त्याची दलाली सहसा विकसक देतो, हे ध्यानात ठेवून त्याचा सल्ला ऐकावा. पान वाचून निघालेले प्रश्न कागदावर लिहून सॅम्पल फ्लॅटमध्ये जावे आणि टेप सोबत न्यावी. माहितीपत्रक आणि सॅम्पल फ्लॅटचे फोटो जपून ठेवावेत, कारण त्यांतल्या चुकीच्या दाव्यांमुळे नुकसान झाले तर कलम १२ खाली भरपाई मागता येते. पार्किंगसाठी वेगळे पैसे मागितले गेले तर जागा उघडी आहे की छताखालची, ते विचारावे आणि तिची लांबीरुंदी करारनाम्यात लिहून घ्यावी. मोकळी पार्किंगची जागा विकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच स्पष्ट केले आहे. आणि करारनामा नोंदवण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम मागितली गेली, तर ऑफर कितीही आकर्षक असली आणि पाडवा दोन दिवसांवर आला असला, तरी धनादेश लिहू नये. कलम १३ ने ती मागण्याचा अधिकारच विकसकाला दिलेला नाही.